आईच्या पायाची जखम, ‘ओप्पिगे पत्र’ आणि सही करावी की नाही

शहापूरची_लेक
२ डिसेंबर, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिते आहे, पण वाचा आणि ज्याला जे कळत असेल ते सांगा.

आई ६३ वर्षांची. साखर लागून चौदा वर्षं झाली. आमचं घर बेळगावातल्या शहापूरचं, मागवाल्यांचं. बाबा गेले, माग विकला, तरी आई अजून शेजारच्यांच्या कांड्या भरून देते. गणपतीच्या गडबडीत तिच्या उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी जखम झाली. तिला कळलीच नाही. फरशीवर रक्ताचे डाग दिसले म्हणून मी घरातल्या सगळ्यांचे पाय बघितले, तेव्हा तिच्या पायाला सापडली. आता तीन महिने होत आले. दोन रुपयांच्या नाण्याएवढी आहे आणि भरत नाही. हाडापर्यंत गेलेली नाही, असं फोटो काढून सांगितलंय.

काल दवाखान्यात (नाव लिहीत नाही) ड्रेसिंग चालू असताना एक शिकाऊ डॉक्टर आले. म्हणाले, एक स्टडी चालू आहे, तुमचंच रक्त काढून त्यातल्या प्लेटलेट वेगळ्या करायच्या आणि त्याचं जेल जखमेवर लावायचं, सगळं फुकट आहे, इथे सही करा. हातात कागद दिले. अर्धे इंग्रजीत, अर्धे कन्नडमध्ये. वर मोठ्या अक्षरात ‘ओप्पिगे पत्र’, म्हणजे संमतीपत्र. आई बाजारात कन्नड झकास बोलते, पण शिकली मराठी शाळेत, सातवीपर्यंत. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. तिने मराठीत विचारलं, ‘माझ्यावर काय करून बघणार आहात?’ डॉक्टर हसले आणि म्हणाले, घाबरू नका आजी.

पण ती घाबरली नव्हती हो. तिला विचारायचं होतं.

मी सही करू दिली नाही, कागद घरी आणलेत. मी बी.कॉम. आहे, तरी ‘रँडमाइज्ड’, ‘कंट्रोल आर्म’ यापुढे गाडी जात नाही. आईला यात घालावं का?


खानापूरचा_रानगडी
२ डिसेंबर, रात्री ९.५०

ताई, सरळ सांगूलालो. सही करू नका. फुकट म्हटलं की समजून जायचं. गरिबाच्या अंगावर शिकूलालेत सगळे. माझ्या मामाचा पाय उसाच्या धसानं फाटला होता, त्यालाबी असंच काहीतरी लावलं. काय लावलं ते आजवर कुणी सांगितलं नाही. शेवटी बोट काढावं लागलं.


सुईदोरा
२ डिसेंबर, रात्री ११.०५

शहापूरच्या लेकी, मी २६ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते, आता घरी आहे. रानगडींच्या मामांना कुणी सांगितलं नाही हे वाईटच झालं, आणि तुझ्या आईचा प्रश्न अगदी बरोबर आहे. पण ‘सांगितलं नाही’ आणि ‘संशोधन’ या दोन गोष्टींची गाठ मारू नका. आधी जखम भरते कशी ते सांगते, मग कागदाकडे येऊ.

कातडी फाटली की पहिलं काम रक्त थांबवण्याचं. ते प्लेटलेट करतात, आणि रक्त थांबवता थांबवता ‘इकडे या, दुरुस्ती करायची आहे’ असा निरोप देणारी द्रव्यं सोडतात. मग पांढऱ्या पेशी येऊन घाण साफ करतात. त्यानंतर तळातून लाल, दाणेदार मांस वर येतं आणि कडेची कातडी आत सरकते. शेवटी महिनोन्‌महिने व्रण घट्ट होत राहतो. तरी भरलेल्या जागेची ताकद मूळ कातडीच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच जाते. साखरेच्या माणसात बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही बिघडलेल्या असतात, म्हणून गाडी घाण साफ करण्याच्या पायरीवरच अडते. प्लेटलेटचं जेल लावायची कल्पना यातूनच आली: अडलेल्या ठिकाणी निरोप पुन्हा द्यायचा. कल्पना चांगली आहे. काही अभ्यासांत फायदा दिसलाय, काहींत फारसा नाही. म्हणूनच तपासतात. खात्री असती तर सरळ सगळ्यांना लावलं असतं.

आणि एक. घरी जखम ‘वाळू दे’ म्हणून उघडी ठेवत असाल तर थांबवा. १९६२ साली जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने डुकरांच्या पाठीवर सारख्या जखमा करून अर्ध्या उघड्या ठेवल्या, अर्ध्यांवर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. खपलीखालून पेशींना वाट काढत जावं लागतं, ओलाव्यात त्या सरळ सरकतात. आपल्याकडे मात्र अजून जखमेवर हळद, राख, कुणी कुणी तंबाखूसुद्धा दाबतात. मी डोळ्यांनी पाहिलंय.

उद्या उरलेलं लिहिते, डोळे मिटताहेत.


अनगोळकर
३ डिसेंबर, सकाळी ७.३०

सिस्टरबाईंनी जखम सांगितली, मी चिठ्ठी सांगतो. निवृत्त शिक्षक आहे, गणित शिकवायचो.

‘रँडमाइज्ड’ म्हणजे चिठ्ठी टाकून ठरवणं. शंभर रोगी आले तर कुणाला जेल आणि कुणाला नेहमीचं ड्रेसिंग, हे डॉक्टरांनी आपल्या मनाने ठरवायचं नाही. नाहीतर काय होतं? बरी होईल अशी वाटणारी जखम जेलकडे जाते, अवघड जखम साध्या ड्रेसिंगकडे, आणि शेवटी जेलचा जयजयकार. चिठ्ठीमुळे दोन्ही बाजूंना वय, साखर, जखमेची खोली सारखी वाटली जाते. ‘कंट्रोल’ म्हणजे नेहमीचा उपचार मिळणारा गट. तिथे गेलात तर तुम्हाला वाऱ्यावर सोडत नाहीत. आज जे मिळतंय तेच मिळतं, आणि मोजमाप जास्त काटेकोर होतं.

आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी हे एकदा सगळ्या जगासाठी केलंय, हे किती जणांना माहीत आहे? २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत, जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संशोधकांनी मिळून एक चाचणी केली. बाळंतपणानंतर रक्तस्रावाने बाया जातात, आणि खेड्यात इंजेक्शन, फ्रीज, डॉक्टर काहीच हाताशी नसतं. तिथे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या नर्सबाईंनी तोंडावाटे दिल्या तर उपयोग होतो का, हे बघायचं होतं. १,६२० बाया. चिठ्ठीने काहींना औषधाची गोळी, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची. बिनऔषधाच्या गटात १२ टक्के बायांना जास्त रक्तस्राव झाला, औषधाच्या गटात ६.४ टक्के. २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ साली रक्तस्राव टाळण्यासाठी म्हणून ही गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेली. आज आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात दाई ही गोळी देते, त्यात आपल्या पंचक्रोशीतल्या बायांचा वाटा आहे.

मला एक गोष्ट मात्र टोचते. त्या १,६२० जणींपैकी कितींना पुढे घरी येऊन कुणी सांगितलं असेल, की बाई, तुमच्यामुळे हे कळलं? हा सगळ्याच संशोधनाला विचारायचा प्रश्न आहे.


निपाणीची_सून
३ डिसेंबर, दुपारी १.२०

शहापूरच्या ताई, एक विचारू? राग मानू नका. आई मिश्री लावतात का?

विचारायचं कारण, माझं सासर निपाणीत, सासरे आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत. मी औषधाच्या दुकानात बसते. आमच्याकडे जखम भरत नाही म्हणून मलम न्यायला येणाऱ्या दर दुसऱ्या बाईच्या हिरडीला मिश्री असते, आणि ती कुणी व्यसनात धरत नाही. ‘दात घासते’ म्हणतात.

निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. जिथे आधीच रक्त कमी पोचतंय तिथे आणखी कमी. डेन्मार्कमधल्या एका चाचणीचे आकडे मी दुकानातल्या भिंतीवर मराठीत लिहून लावलेत. खुबा किंवा गुडघा बदलायचा असलेले १२० विडीकाडीवाले रोगी घेतले. चिठ्ठीने दोन गट. एका गटाला ऑपरेशनच्या सहा ते आठ आठवडे आधीपासून सिगरेट सोडायला मदत केली, दुसऱ्याला नेहमीसारखं ठेवलं. मदत मिळालेल्या गटात ऑपरेशननंतर काही ना काही बिघाड १८ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात ५२ टक्क्यांना. नुसत्या जखमेच्या तक्रारी बघितल्या तर ५ टक्के आणि ३१ टक्के. २००२ सालची गोष्ट. ही ओढायच्या तंबाखूची चाचणी, मिश्रीची नाही, हे मी दुकानातही सांगते. पण हिरडीतून निकोटीन रक्तात जातंच.

ज्या पिकावर आमचं घर उभं राहिलं त्याबद्दल हे बोलताना घशाशी येतं. तरी बोलते.


शहापूरची_लेक
३ डिसेंबर, रात्री ८.४०

निपाणीच्या ताई, लावते. दिवसातून तीनदा. मला कधी सुचलंच नाही की याचा आणि पायाचा संबंध असेल. दवाखान्यात ‘सिगरेट, दारू?’ एवढंच विचारलं, आम्ही ‘नाही’ म्हणालो. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

तुमचं लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. काही बोलली नाही. डबी मात्र आज कट्ट्यावर दिसली नाही.


चंदगडी_बेळगावात
३ डिसेंबर, रात्री १०.३०

मी हे सगळं दुसऱ्या टोकाकडून बघितलंय म्हणून लिहितो. मला बहिणीची किडनी बसवून सात वर्षं झाली. ती चंदगडला, म्हणजे महाराष्ट्रात; मी इकडे. कायद्याने सख्खी बहीण जवळची नातलग, म्हणून कागद लवकर झाले. नवरा-बायको, मुलं, आई-बाप, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं एवढेच त्या यादीत. माझा मेहुणा द्यायला तयार होता, तो यादीत बसत नाही. त्याची घेतली असती तर सरकारी समितीसमोर जावं लागलं असतं, आणि राज्य वेगळं म्हणून त्याच्या राज्याचं ना-हरकत पत्रही. सीमेवरच्या माणसांनी हे आधीच धरून चालावं. आमच्याकडे भाऊ एका राज्यात आणि बहीण दुसऱ्या राज्यात, हे घरोघर आहे.

संशोधनाचं म्हणाल तर माझं आजचं जेवणसुद्धा त्याच्यामुळेच आहे. अॅडमिट असताना एका तरुण डॉक्टरांनी मला रोज रात्री थोडं थोडं सांगितलं, ते अजून पाठ आहे. दुसऱ्याचा अवयव शरीर का नाकारतं, हे कळलं ते जखमेवरूनच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लासगोच्या रुग्णालयात एक बाई खूप भाजली होती. पीटर मेडावर आणि थॉमस गिब्सन यांनी तिच्या जखमांवर तिच्या भावाची कातडी बारीक तुकड्यांनी लावली. काही दिवस टिकली आणि गळून गेली. मग त्याच भावाची दुसऱ्यांदा लावली, ती पहिल्यापेक्षा लवकर गेली. म्हणजे शरीराने ओळख ठेवली होती. १९४३ साली त्यांनी ते छापलं. मेडावर यांना पुढे १९६० साली नोबेल मिळालं. १९५४ साली बोस्टनला जोसेफ मरे यांनी पहिली यशस्वी किडनी बसवली ती जुळ्या भावाची, हुबेहूब जुळ्याची, कारण तिथे शरीराला ‘परकं’ वाटायचा प्रश्न नव्हता. बाकीच्यांना शरीराचा हा नकार रोखणाऱ्या औषधांची वाट बघावी लागली. मी सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून घेतो ती टॅक्रोलिमसची गोळी १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीतल्या एका जंतूत सापडली. (पपनस माझ्या घरात बंद आहे, त्याने रक्तातलं हे औषध वाढतं. गणपतीत माटोळीला बांधतो तेवढंच.)

जुनी किडनी काढत नाहीत, नवी पोटाच्या खालच्या बाजूला बसवतात. हे मला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळलं. तोवर मी समजत होतो की दोन काढून एक घालणार. बहिणीलाही नीट माहीत नव्हतं. तिने सही केली ती माझ्या तोंडाकडे बघून. ती सही अजून माझ्या मनात आहे. सगळं नीट झालं, तिची तब्येत ठणठणीत आहे, पण ती जे देत होती ते तिला तिच्या भाषेत कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

ताई, आईला कळू द्या. मग तिने हो म्हणू दे, नाहीतर नाही म्हणू दे.


सीमावासी_मराठा
४ डिसेंबर, सकाळी ९.००

मराठी माणसाला दवाखान्यातही मराठी कागद मिळत नाही. मूळ दुखणं हेच. सगळ्यांनी यावर बोला.


अनगोळकर
४ डिसेंबर, सकाळी ९.४०

दुखणं खरं आहे आणि त्याचे धागे इथे भरपूर आहेत. या धाग्यावर एका आईचा पाय आहे. कागद मराठीत मागायचा हक्क तिला रोगी म्हणून आहे, आणि तो कन्नड आजीला सोलापुरात आणि तेलुगू आजीला इथे तितकाच आहे. तेवढं धरून पुढे जाऊ.


सुईदोरा
४ डिसेंबर, दुपारी ३.१५

आता कागद. आधी एक जुनी गोष्ट, कारण सहीचा कागद कुठून आला ते कळलं पाहिजे.

१९४२-४३ मध्ये जर्मनीतल्या रावेन्सब्रुक छळछावणीत डॉक्टरांनी कैदी बायकांच्या, बहुतेक पोलिश तरुणींच्या, पोटऱ्या चिरल्या. त्यात जंतू घातले, लाकडाच्या कपच्या आणि काचेचे तुकडे घातले. सल्फा औषधाने जखम भरते का ते बघायला. जखमेवरचंच संशोधन ते. कुणालाही विचारलं नव्हतं. काही जणी मेल्या, वाचल्या त्या जन्मभर लंगडत राहिल्या. युद्धानंतर न्यूरेंबर्गला त्या डॉक्टरांवर खटला चालला. जगलेल्यांपैकी काही जणींनी कोर्टात उभं राहून पाय दाखवले. १९४७ च्या निकालात जे दहा नियम लिहिले गेले, त्यातला पहिला: माणसाची स्वतःहून दिलेली संमती हवीच. तुझ्या आईपुढे आलेला कागद तिथून आलाय, लेकी. म्हणून तो दोन मिनिटांत उरकायचा नसतो.

आपल्याकडे आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, २०१७ चे नियम आहेत. माहिती रोग्याला कळेल त्या भाषेत द्यायची. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार हवा. मधेच सोडलं तरी नेहमीचा उपचार तसाच मिळाला पाहिजे. संशोधनामुळे त्रास झाला तर त्याचा उपचार फुकट. कागदावर संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिक समितीचा फोन असतो, तो खुशाल लावायचा. सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक शोध. ही रोग्यांवरच्या चाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ पासून आहे, इंटरनेटवर कुणालाही बघता येते. क्रमांक नसेल तर का नाही ते विचार. आणि तिथे शोधताना एक नेमकं बघ: निकाल कशावर ठरवणार आहेत? ‘जखम बरी वाटली’ यावर, की बारा आठवड्यांत पूर्ण भरली का यावर? दुसरं हवं.

तुझी आई वाचू शकते. मराठी वाचते. म्हणजे तिला साक्षीदार नको, मराठी कागद हवा. तो घरी करून चालत नाही, समितीने तो भाषांतरित कागद पास करावा लागतो. मागा. वेळ लागेल, लागू दे.

संशोधन म्हणजे नवं औषध, नवी मशीन असंच नसतं हेही सांगते, कारण यात माझा जीव आहे. पोटाचं ऑपरेशन संपत आलं की शिवायच्या आधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि शिवायला स्वच्छ हत्यारं घ्यायची. एवढीच गोष्ट, सात देशांतल्या ८१ रुग्णालयांत, भारतातसुद्धा, १३,३०१ रोग्यांवर तपासली. २०२२ साली निकाल आला. जखमेत पू होण्याचं प्रमाण १८.९ वरून १६ टक्क्यांवर आलं. आम्ही सिस्टर लोक हे करा म्हणून सांगायचो तेव्हा काही सर्जन म्हणायचे, पुरावा काय? तो दिवस मी नोकरीत असताना यायला हवा होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जेलपेक्षाही. आई चालते कशावर?


शहापूरची_लेक
४ डिसेंबर, रात्री ९.२०

घरात अनवाणी. बाहेर अथणीची चामड्याची चप्पल, बाबांनी घेतलेली. ती सोडत नाही.


सुईदोरा
४ डिसेंबर, रात्री ९.५५

अगं, जखम म्हणूनच भरत नाही! ज्या पायाला दुखत नाही त्या पायावर माणूस जखमेवरच भार देत चालतं. पॉल ब्रँड नावाचे सर्जन वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर काम करायचे. लोक म्हणायचे, कुष्ठात मांसच सडतं. त्यांनी दाखवलं की मांस चांगलं असतं, दुखणं कळत नाही म्हणून पाय झिजतो. पायाला प्लास्टर घालून भार वाटून दिला की वर्षानुवर्षांच्या तळव्याच्या जखमा भरायच्या. साखरेच्या पायाला आज जे प्लास्टर घालतात ते तिथूनच आलं. मऊ एमसीआर रबराची चप्पलही कुष्ठरोग्यांच्या सेवेतूनच आली. आपल्याकडे हिंडलग्याला कुष्ठरोग्यांचा दवाखाना आहे, तिथल्या जुन्या लोकांना पायाची ही विद्या पाठ असते.

अथणीची चप्पल देखणी असते, माझ्याही घरी आहे. पण कडक तळ, मागे पट्टा नाही, अंगठ्यात घट्ट. बधिर पायाला ती वैरीण. बाबांची आठवण म्हणून कपाटात ठेवा. आणि स्टडीवाल्यांना विचार, दोन्ही गटांचा पायावरचा भार काढणार आहेत का? नाही म्हणाले तर माझ्या मते जाऊ नका.


खानापूरचा_रानगडी
५ डिसेंबर, सकाळी ६.४५

सिस्टरबाई, हे मामाला कुणी सांगितलं असतं तर. तो त्याच पायानं चिखलात रोप लावायला उतरला होता. सही करू नका म्हणालो ते मागे घेत नाही, पण विचारून करा म्हणतो.


शहापूरची_लेक
१४ डिसेंबर, रात्री १०.१०

मंडळी, सांगायचं आहे.

आमच्या समोर कन्नड शाळेच्या निवृत्त टीचर राहतात, आम्ही त्यांना टीचर अक्का म्हणतो. दोन संध्याकाळी त्यांनी कन्नड कागद वाचला, मी इंग्रजी वाचला आणि आई मधे बसली. ओळीओळीला अक्का थांबायच्या. ‘गाय’ आला की म्हणायच्या, आमच्यात गाय म्हणजे जखम, तुमची गाय नव्हे. ‘रँडम’ला आम्ही अनगोळकर सरांची चिठ्ठीच ठेवली. ‘विथड्रॉ’ म्हणजे ‘मधेच नको वाटलं तर’. हे लिहिताना कळलं की सगळं साध्या मराठीत सांगता येतं. कुणी बसून केलं पाहिजे एवढंच.

चौथ्या पानावर एक बारीक चौकोन सापडला. उरलेलं रक्त पुढच्या संशोधनासाठी ठेवायचं का, हो किंवा नाही. तोंडी कुणी हे बोललंच नव्हतं. आई म्हणाली, ‘माझ्या पायासाठी काढताय तेवढं काढा. बाकीचं कशाला लागणार ते आधी सांगा.’

सोमवारी गेलो. शिकाऊ डॉक्टर नव्हते, त्यांच्या वरच्या मॅडम होत्या. आईने स्वतः विचारलं, मी गप्प बसले. चिठ्ठी कोण काढणार? साधं ड्रेसिंग आलं तर दर आठवड्याला बघणार का? चालायचं कशावर? मॅडमनी खुर्ची ओढली आणि पाऊण तास बसल्या. भार काढायचं प्लास्टर दोन्ही गटांना आहे, पंधरा दिवसांनी बदलणार. निकाल बारा आठवड्यांत जखम पूर्ण भरली का यावर. नोंदणी क्रमांक घरी येऊन तपासला, बरोबर आहे. मराठी कागद नाही हे त्यांनी मान्य केलं. म्हणाल्या, आमच्याकडे निम्मे रोगी मराठी बोलणारे, आणि आम्ही धरून चाललो की सगळ्यांना चालतं. भाषांतर करून समितीकडे पाठवते म्हणाल्या. तोवर आईला स्टडीत घेणार नाहीत, पण प्लास्टर त्याच दिवशी घातलं.

मिश्रीचंही आईनेच सांगितलं. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, हा प्रश्न आमच्या फॉर्मवर नाही, घालायला हवा.


निपाणीची_सून
१४ डिसेंबर, रात्री १०.४०

डोळ्यांत पाणी आलं ताई. आईंना माझा नमस्कार सांगा.


चंदगडी_बेळगावात
१५ डिसेंबर, सकाळी ८.०५

टीचर अक्कांनाही सांगा. मी काल बहिणीला फोन करून सगळं पहिल्यापासून सांगितलं: किडनी कुठून काढली, कुठे बसवली, तिला पुढे काय जपायचं. सात वर्षांनी. ती म्हणाली, ‘दादा, हे मला आज कळतंय.’


शहापूरची_लेक
१९ जानेवारी, रात्री ९.३०

मराठी कागद आला. पाच पानं, समितीचा शिक्का. आईने एका बैठकीत वाचला, चष्मा दोनदा पुसला, रक्त ठेवायच्या चौकोनात ‘नाही’वर खूण केली आणि सही केली. चिठ्ठीत साधं ड्रेसिंग निघालं. मला वाईट वाटलं, तिला नाही. ती म्हणाली, ‘कुणीतरी या बाजूला बसल्याशिवाय त्या बाजूचं कसं कळणार?’


सुईदोरा
१९ जानेवारी, रात्री १०.००

अनगोळकर सर, तुमची विद्यार्थिनी झाली बघा.


शहापूरची_लेक
१४ एप्रिल, संध्याकाळी ७.००

बारा आठवडे झाले. दर खेपेला जखमेवर पारदर्शक कागद ठेवून कडेने रेघ मारतात आणि चौकोन मोजतात. पहिला कागद दोन रुपयांच्या नाण्याएवढा होता. शेवटचा तुरीच्या दाण्याएवढा. त्यांच्या हिशेबात ती ‘पूर्ण भरली नाही’ अशीच लिहिली जाईल. मॅडमनी ते स्पष्ट सांगितलं, आणि आईला ते पटलं. प्लास्टर आणखी काही दिवस चालू राहील. मिश्री सुटून चार महिने झाले. मधे एकदा, माहेरच्या लग्नात, लावली. तेही तिने जाऊन सांगितलं.

जेलच्या गटाचं काय झालं ते इतक्यात कळणार नाही, अजून रोगी घ्यायचे आहेत. अनगोळकर सरांनी त्या १,६२० बायांबद्दल लिहिलं होतं ते मी आईला वाचून दाखवलं होतं. उठायच्या आधी ती मॅडमना म्हणाली, ‘सगळ्यांचं झालं की निकाल मला कळवा. मराठीत.’ मॅडमनी फाईल उघडली आणि आतल्या पुठ्ठ्यावर आमच्या फोन नंबरखाली निळ्या पेनने लिहिलं: निकाल मराठीत कळवणे.